केसांचा हौद

धार संस्थान विलीन झाले आणि दरबारचा कातडी कमावण्याचा लहान कारखाना बंद पडला. माझा थोरला भाऊ तिथे रसायने पाहत असे. तो घरी बसला. मी तेव्हा इंदूरच्या एका वर्तमानपत्राला धारच्या बातम्या पाठवत होतो.

कारखान्यामागे जनावरांच्या केसांचे ढीग पडले होते. केस लवकर कुजत नाहीत, जाळले तर वस्तीभर घाण सुटते. दादाचे म्हणणे असे की माशाच्या आतड्यांतला पाचकरस त्यांचे खत करू शकेल. चुन्यात भिजवून मऊ केलेले केस त्याने धुतले, तलावावरच्या भोयाकडून आणलेली आतडी ठेचून त्यांत मिसळली आणि मडके उकिरड्याच्या उबेत पुरले. आठवड्याने मडक्यात केस उरले नव्हते, तपकिरी लगदा होता. त्यावर परसातली मेथी तरारून आली.

त्याने शेतकी खात्याला अर्ज केला. एक अधिकारी सरदारपूरच्या दौऱ्यावरून परतताना प्रयोग पाहणार होते. पटले तर खात्यात जागा मिळण्यासारखी होती. वहिनी दोन मुलांना घेऊन देवासला माहेरी गेली होती. नोकरी लागल्याशिवाय त्यांना परत आणायचे नाही, असे दादाने ठरवले होते.

मडक्याऐवजी त्याने परसात छोटा हौद बांधला. दिवस पितृपक्षाचे होते. गल्लीत त्याला "मच्छीवाले भिया" म्हणू लागले होते, ते त्याने हसण्यावारी नेले. पण परसात माशांचा वास असेपर्यंत वडिलांच्या श्राद्धाला आमच्याकडे जेवणार नाही, असा गुरुजींनी निरोप पाठवला. तरी श्राद्ध नीट झाले, गुरुजी जेवून गेले. वास जवळजवळ नव्हताच.

अधिकारी आले, तेव्हा हौदात केस जसेच्या तसे तरंगत होते. दादाने काठीने ढवळून पाहिले, पुन्हा ढवळले. अधिकारी सभ्य होते. चहा घेतला, मेथी पाहिली आणि निघताना म्हणाले, "चुन्याने मऊ झालेत. एवढंच झालंय."

दुसऱ्या दिवशी मी तलावावर गेलो. मासे बदलले होते की आतडी शिळी होती, एवढेच मला विचारायचे होते. भोई म्हणाला, "बईसाब खुद आया था. कियो थो, उकाळी ने लाजो, बास नी आवे."

आई एकटी तलावापर्यंत चालत गेली होती. मुलाचे काम थांबू नये आणि श्राद्धही चुकू नये, म्हणून तिने आतडी उकळून पाठवायला सांगितले होते. उकळल्यावर त्यांतला पाचकरस मरतो. आतडी या वेळी पांढरट आणि घट्ट दिसतात, हे दादाने वहीत टिपलेही होते. पावसाळ्यानंतरचे मासे असतील, असे कारण पुढे लिहिले होते. आमच्या घरात कच्चा मासा कसा दिसतो आणि शिजलेला कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मी त्याला सांगितले नाही. सांगितले असते तर दुसरा अर्ज करता आला असता, पण आईचे नाव घ्यावे लागले असते. पुढे कधीतरी सांगता येईल, असे मी तेव्हा मानले. महिन्याभरात दादाने वही बंबात घातली आणि कुक्षीच्या कचेरीत कारकुनी धरली. वहिनी तिकडे गेली. हौद मातीने बुजवला.

काही वर्षांनी तो श्राद्धासाठी धारला आला होता. पंगत बसली होती. आई वाढता वाढता गुरुजींना सांगू लागली, "त्या वर्षी तुम्ही येईनात, म्हणून मीच भोयाला जाऊन सांगितलं, उकळून पाठव म्हणून. याला कळलंसुद्धा नाही."

दादाचा हात पानावर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली, तेवढ्याने त्याला कळले की मला आधीपासून माहीत होते.

मग त्याने आईकडे कढी मागितली. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतेच बोलत असे.