सर, तुम्हाला खरंच माहीत नाही?

अन्याय झाला तो एका पंधरा वर्षांच्या मुलीवर. २००३ साली, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, नाशिकमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते, म्हणून लिहिते आहे.

मुलगी सातपूरची. वडील कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करायची. ती चौथीत असताना, डाव्या हाताने लिहिते म्हणून, बाईंनी तिला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. आईवडिलांनी तिचं नाव शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. गणित वडील शिकवायचे, शिफ्ट सांभाळून. मराठी आईकडे. आणि रविवारी सकाळी ग्रीक तत्त्वज्ञान माझ्याकडे.

हसू नका. मी तत्त्वज्ञानात एम. ए. केलं होतं, आणि अभ्यासापेक्षा जास्त वेळ मोर्च्यांची पत्रकं लिहिण्यात घालवला होता. पत्रकं वाटणारे मित्र एकेक करून पुण्याला नोकरीला गेले. मी सातपूरला भाड्याच्या एका खोलीत राहिले. ग्रीकांविषयी बोलायला कुत्रंसुद्धा नव्हतं. घरमालकीणबाई म्हणायच्या, "ग्रीक शिकलीस ना? मग तिकडेच जा की. इथे काय स्कोप?" मुलीच्या आईने मात्र ब्लाउजचं माप घेता घेता विचारलं, "पोरीला शिकवाल का, ताई? तुम्हाला येतंय आणि ऐकायला कोणी नाही. तिला ऐकायचंय आणि सांगायला कोणी नाही." माझ्याबद्दल इतकं खरं तोवर कोणी बोललं नव्हतं.

वर्गात तिघं. ही, आणि देवळाली कॅम्पातले दोघे भाऊ. त्यांचे वडील सैन्यात, तोफखान्यात. सारखी बदली, सारखी नवी शाळा, याला कंटाळून तेही घरीच शिकत होते. मी जमिनीवर चटई टाकायची. नियम एकच: ज्याला उत्तर माहीत आहे त्याने तो प्रश्न विचारायचा नाही. खरंच माहीत नसेल तरच विचारायचं. अथेन्सच्या बाजारात एक म्हातारा लोकांना अडवून असेच प्रश्न विचारायचा, त्याच्यावरून मी तो नियम केला होता.

एकदा मी बाणाचं कोडं घातलं. बाणाला लक्ष्यापर्यंत जायचं तर आधी अर्धं अंतर कापायला हवं, मग उरलेल्याचं अर्धं, मग त्याचंही अर्धं. मग तो पोचतो कधी?

"आमच्या सातपूरच्या बसचं हेच होतं," मुलगी म्हणाली.

धाकटा भाऊ उखडला. "काहीतरीच! आमच्याकडे तोफेचे गोळे पोचतात. खिडक्या हलतात घरातल्या."

"खिडकी हलली म्हणजे पोचला, हे तुला कसं कळलं?"

"तू उभी राहा तिथे, तुलाच कळेल."

थोरला हसून हसून लोळायला लागला. मीही हसले. ही खोली माझी आहे असं मला फक्त रविवारीच वाटायचं.

त्या म्हाताऱ्याला शेवटी विष प्यायला लावलं, हे सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "कशासाठी?"

"प्रश्न विचारायचा म्हणून. लोकांना ते सहन झालं नाही."

"खोटं. एवढ्यासाठी कोण कोणाला मारेल? तुम्ही काहीतरी गाळताय, ताई."

पुढे कितीतरी रविवार ती खरं कारण शोधत होती. दरम्यान भावांच्या वडिलांची बदली झाली. चटईवर दोघीच उरलो.

मग दहावी आली. बाहेरून परीक्षेला बसायचं तरी अर्ज एखाद्या शाळेमार्फतच जायचा. म्हणून आम्ही तिघी त्या शाळेत गेलो: मुलगी, तिची आई, मी. मैदानावर उद्याच्या संचलनाची तालीम चालली होती, ढोल वाजत होता. मुख्याध्यापक म्हणाले, "घरी शिकलीय? बघू काय शिकलीय. महाराष्ट्राची राजधानी कोणती?"

मुलगी खुर्चीत पुढे सरकली. मग अगदी हळू, समोरच्याला लाज वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "सर, तुम्हाला खरंच माहीत नाही? मागे नकाशा आहे. दाखवू का?"

दारातला शिपाई फिसकन हसला. तिथेच सगळं बिघडलं.

ती चेष्टा करत नव्हती हो! उत्तर माहीत असलेला माणूसही प्रश्न विचारतो, हे ती विसरूनच गेली होती. चौथीनंतर तिला तसं कोणी विचारलंच नव्हतं; आमचा नियम तिने घरी आईवडिलांनाही लावला होता. हे मी सांगायला लागले तर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय शिकवता हिला?"

"ग्रीक तत्त्वज्ञान."

"आधी मोठ्यांशी कसं बोलायचं ते शिकवा. उद्धट मुलीचा अर्ज माझ्या शाळेतून जाणार नाही. या."

आईने हात जोडले. मुलीने आईचे जोडलेले हात पाहिले. दुसरी शाळा मिळेपर्यंत मुदत टळली. वर्ष गेलं.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, ते खरं होतं."

"काय?"

"अथेन्सचं. तुम्ही काही गाळलं नव्हतं."

पुढच्या रविवारी ती आली. मी विचारेन त्याची, मला आवडतील अशी उत्तरं दिली. स्वतः एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या वर्षी ती चांगल्या गुणांनी पास झाली, आणि मग येईनाशी झाली. आता कॉलेजात आहे. रस्त्यात भेटते, वाकून नमस्कार करते. गुणी मुलगी, असं सगळे म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

लोक मला म्हणतात, चूक तुझीच, जगात कसं वागायचं ते तू शिकवलं नाहीस. नाही. चूक माझी नाही आणि तिची तर नाहीच. मदत म्हणून पुढे केलेला हात ज्यांनी झिडकारला, त्यांची आहे. ते मुख्याध्यापक एकटे नाहीत. संध्याकाळी मुलाला पाढे विचारणारे तुम्हीही त्यांच्याच रांगेत आहात.

रविवारी सकाळी मी अजून चटई टाकते. थोडा वेळ बसते आणि गुंडाळून ठेवते.

तुमच्या घरी आज शाळेतून एक मूल परत येईल. त्याला असा एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. मग त्याच्यासमोर खाली बसा, आणि ते बोलेपर्यंत तोंड उघडू नका.