सिंधुबाईंनी तपासलेलं चिनी स्थळ

आमच्या सिडकोत एखाद्या घरी लग्नाचं पोर किंवा पोरगी असली, की आधी देवापुढे नारळ फुटायचा आणि मग सिंधुबाई पिंगळ्यांना चहा व्हायचा. काही घरांत तर चहा आधी. नव्वद सालानंतर शेजारच्या अंबडच्या कंपन्यांत नोकऱ्या लागल्या, गावोगावची पोरं इथे खोल्या घेऊन राहायला लागली, आणि गावाकडे बसलेल्या आईबापांना शहरातली स्थळं दिसेनात. सिंधुबाईंनी ती जागा बरोबर धरली. हरसूलपासून सटाण्यापर्यंत कोणाच्या घरी कोण उपवर आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. बदल्यात काय घ्यायच्या? लग्नात मानाचं लुगडं आणि पंगतीत पहिला मान. लुगड्याचा पोत हलका निघाला तर मात्र वर्षभर बोलून दाखवायच्या.

स्थळ तपासायची त्यांची रीत निराळी होती. मुलाच्या घरी न कळवता जायचं, दारात उभं राहून म्हणायचं, "बाई, तांब्याभर पाणी मिळंल का?" आणि पाणी आणायला कोण उठतं ते बघायचं. सासू उठली तर घर बरं. सून उठली आणि मागून सासूनं हुकूम सोडला, तर त्या घरावर काट. मुलगा स्वतः उठला तर सिंधुबाई तिथेच बसकण मारायच्या आणि जेवूनच निघायच्या.

मुलीचं मात्र त्या कधी काही विचारायच्या नाहीत. मुलगी पोह्यांच्या बश्या ठेवून, मान खाली घालून आत गेली की झालं. "गप ऱ्हायली म्हंजे पसंत हाय," त्या म्हणायच्या. आमच्याकडे सगळेच असं मानायचे, एकट्या सिंधुबाई नव्हेत. माझंही लग्न असंच झालं, आणि मी किती गप्प बसणारी बाई आहे ते हिरामणला लग्नानंतर कळलं.

हिरामण म्हणजे माझा नवरा. आमचा केबलचा धंदा. पुढच्या खोलीत डेक, वायरी आणि मोठा टीव्ही, आणि दुपारी आमच्या स्वतःच्या चॅनलवर आम्ही सीडी लावायचो. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात हिरामणनं मनमाडहून कोणा ओळखीच्याकडून सीड्यांचा एक गठ्ठा आणला. वेष्टनावर लाल झग्यातली एक मुलगी, तलवारवाला एक मुलगा, आणि नाव सगळं चिनी अक्षरांत. आत हिंदी आवाज भरलेले होते. मी म्हटलं, हे कोण बघणार? दुसऱ्या आठवड्यात वीज गेली आणि मालिका मध्येच बंद पडली, तर गल्लीतल्या बायका माझ्या दारात भांडायला आल्या. मग मी गुमान इन्व्हर्टर घ्यायला लावला.

गोष्ट जुन्या राजवटीतली. कापड रंगवणाऱ्याची मुलगी आणि सेनापतीचा धाकटा मुलगा. त्यांची नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून ती रंगारीण आणि तो धाकटा. नदीवर कापड धुताना दोघांचं जमतं. धाकट्याच्या आजीला, म्हणजे घरच्या थोरल्या बाईंना ते खपत नाही. त्या रंगारणीचं लग्न एका म्हाताऱ्या प्रधानाशी ठरवतात. धाकटा तिला प्रधानाच्या पालखीत बसताना बघतो, त्याला वाटतं ही आपणहून गेली, आणि एक शब्द न बोलता तो सरहद्दीवर लढायला निघून जातो. पुढे भाग संपता संपत नाहीत. तो तिकडे चंद्र बघतो, ती इकडे चंद्र बघते.

सिंधुबाई रोज दुपारी माझ्याकडे मेथी नाहीतर गवार घेऊन यायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. सगळ्या बायका मालिका बघायच्या. सिंधुबाई स्थळ बघायच्या.

"पोरगं देखणं हाय," पहिल्याच दिवशी त्यांनी मला निकाल सांगितला. "घराणं मोठं. घोड्यावर बसतो, म्हंजे तब्येत चांगली. पण केस बघ मीने. कपाळाला डिंकानं चिकटवल्यात."

खरंच, टोपाची कड दिसायची. लढाईतही गंमत होती. तेच वीस-पंचवीस शिपाई डावीकडून धावत जायचे आणि पुन्हा डावीकडूनच यायचे. त्यातल्या एका जाड्याला आम्ही ओळखायला लागलो होतो, तो तीनदा मेला. बर्फ तर थर्माकोलचा चुरा होता. माणसं उडून कौलांवर पळायची आणि एक कौल फुटायचं नाही. आवाज भरणारा बाप्या एकच असावा, कारण राजाही तसाच बोलायचा, पहारेकरीही तसाच आणि प्रधानही. राजानं पहारेकऱ्याला हाक मारली की आम्ही पदराआड हसायचो.

पण सिंधुबाई जमेची बाजूही मोजायच्या, ते मला आवडायचं. "आपल्या सिरेलीतल्या बाया अंगभर दागिनं घालून झोपत्यात. हिचे हात बघ. कोपरापर्यंत निळे. कामाच्या बाईचे हात हायेत." कापडं वाळत घातलेला तो नदीकाठ दिसला की आम्ही सगळ्या गप्प व्हायचो. इतके रंग, आणि एकही भडक नाही. जेवणाचा प्रसंग आला की वाडग्यातनं खरी वाफ यायची आणि माणसं खरी खायची. आणि त्या थोरल्या बाई. आपल्याकडच्या खाष्ट सासवा उगाच डोळे वटारतात. या बाईंचा स्वतःचा मुलगा प्रेमापायी घर सोडून गेलेला, म्हणून त्या नातवाला जपत होत्या. "बाई वाईट न्हाय," सिंधुबाई म्हणाल्या, "भ्यालेली हाय."

एका गोष्टीवर मात्र त्यांचा जीव खवळायचा. "या दोघांच्या तोंडात जीभ हाय का नाय? ती त्याच्या म्होरं उभी हाय. तो तिच्या म्होरं उभा हाय. एक वाक्य बोलायचं, मला त्या म्हाताऱ्याशी लगीन करायचं नाय. संपलं. पण ही मूग गिळून बसती, आन् हा ढब्बू समजून घेतो की हिची मर्जी हाय. लिहिणाऱ्याला एवढंच जमत व्हतं? गप बसलेल्या पोरीला कोणी इचारत कसं नाय?"

हे त्या रोज म्हणायच्या. आणि रोज त्यांच्या मागे, दाराच्या कोपऱ्यात, सायली बसलेली असायची.

सायली ही सिंधुबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर पाळण्यात होती. सिंधुबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी, देवरामनी, तिला वाढवली. देवराम कंपनीत मशीनवर होते. हा माणूस इतका कमी बोलायचा, की कामगारांच्या मीटिंगमध्ये त्यांना आपलं नाव सांगायला उभं केलं तर ते नाव सांगून लगेच खाली बसले होते. सायली त्यांच्याच वळणावर गेलेली. नर्सिंगला होती, एक वर्ष राहिलेलं.

त्या वैशाखात सिंधुबाईंनी तिच्यासाठी सटाण्याचं स्थळ काढलं. मुलगा गोरक्ष, कांद्याचा व्यापार, घर स्वतःचं. सिंधुबाई तिकडे जाऊन पाणी मागून आल्या, तर मुलगाच तांब्या घेऊन बाहेर आला. मग काय, विषयच संपला. पाहुणे आले, पोहे झाले, सायलीनं मान खाली घातली. सुपारी फोडायचा दिवस ठरला. सुपारी फुटली की शब्द दिला गेला, मागं फिरायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पाहुणे येऊन गेले त्या दिवसापासून सायली टीव्हीपुढे बसायची, पण बघायची नाही. रंगारणीला पालखीत बसवलं तेव्हा ती उठून गेलीच. मी बघत होते. सिंधुबाईंची नजर पडद्यावर होती. त्यांना एका पोरीचं दुःख दिसत होतं आणि ती चीनमध्ये होती.

मी फटकळ आहे, सगळी गल्ली सांगेल. सुपारीच्या आदल्या दुपारी सिंधुबाईंचं पुन्हा सुरू झालं, कोणी पोरीला विचारत कसं नाही म्हणून. मी गवारीची शीर ओढता ओढता म्हटलं, "सिंधुबाई, लोका सांगे ब्रह्मज्ञान. तुम्ही सायलीला विचारलंत का?"

"तिला काय इचारायचं? गप हाय ना ती."

एवढं बोलल्या आणि थांबल्या. हातातली गवार तशीच राहिली. पडद्यावर धाकटा चंद्र बघत होता. त्यांनी मागं वळून दाराचा कोपरा बघितला, तर तो रिकामा होता. भाजी तिथेच टाकून त्या उठल्या आणि चपला न घालता घरी गेल्या.

पण घरी सायली नव्हती, ती दवाखान्यात ड्यूटीवर गेलेली. रात्री पाहुण्यांसाठी सामानाची धावपळ, सकाळी घाई. विचारायला वेळ सापडला नाही, असं त्या मला नंतर म्हणाल्या. मी त्यांना ओळखते. वेळ होता, धीर नव्हता. ज्या बाईनं अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावली, तिला आपल्या पोरीला एक प्रश्न विचारायचा होता आणि त्याचं उत्तर नको होतं. पोर नको म्हणाली तर सटाण्याकडे तोंड दाखवायची सोय नाही. विचारलंच नाही तर आपण बहिणीच्या लेकराला त्या पालखीत बसवणार.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. मधोमध पाटावर पान, सुपारी, कुंकू, नारळ. एका बाजूला सटाण्याची मंडळी. गोरक्षची आत्या अक्काबाई सगळ्यांत पुढे. देवराम भिंतीशी. गोरक्षच्या वडिलांनी अडकित्ता उचलला, सुपारी त्यात धरली, आणि सिंधुबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. व्याह्याचा हात. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"थांबा," सिंधुबाई म्हणाल्या. "सायले, इकडं ये. मला सांग, तुला हे स्थळ पसंत हाय का? नसंल तर नाय म्हण. तुझी मावशी हाय इथं. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे."

"हाई काय नवीनच शे?" अक्काबाई म्हणाल्या. "पोरले सगळासमोर इचारतस का कोनी?"

"आमी इचारतो," सिंधुबाई म्हणाल्या. इचारतो कुठलं, आयुष्यात पहिल्यांदा विचारत होत्या. पण त्यांचे डोळे भरलेले बघून मी तोंड बंद ठेवलं.

सायली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मान खालीच. मग तिनं मान वर केली.

"मावशी, मुलगा चांगला आहे. मला पसंत आहे."

सिंधुबाईंनी व्याह्यांचा हात सोडला, पण सायलीचं संपलं नव्हतं.

"पण माझं एक वर्ष राहिलंय. ते पुरं करून लग्न करीन. आणि पुढे सटाण्याला नोकरीही करीन. हे चालणार नसेल तर नको. पोह्यांच्या दिवशीच सांगायचं होतं. कोणी विचारलंच नाही."

इतकी वाक्यं सायलीनं सलग बोललेली मी जन्मात ऐकली नव्हती. सटाण्याच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. अक्काबाईंनी पिशवी उचलली. तेवढ्यात गोरक्ष खाकरला.

"मलाही कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "माझी काही हरकत नाही. नर्सबाई घरात असली तर आत्याच्या शुगरचंही बघेल."

आधी त्याचे वडील हसले, मग सगळं घर. अक्काबाईंनी पिशवी खाली ठेवली, कारण शुगरची गोष्ट खरी होती. सुपारी फुटली. सायली आत जाऊन रडली आणि तोंड धुऊन सगळ्यांना पेढे वाटायला आली.

पाहुणे गेल्यावर घरातली माणसं आणि मी तेवढी उरलो. सिंधुबाई पाय पसरून भिंतीला टेकून बसल्या. दमल्या होत्या, पण तोरा सुटला नव्हता. यापुढे प्रत्येक पोरीला पोह्यांच्या आधी विचारणार, मुलालाही विचारणार, असं मला ऐकवत होत्या. तेवढ्यात देवरामनी तोंड उघडलं. आधी कोणी लक्षच दिलं नाही, कारण त्यांचं बोलणं ऐकायची कोणाला सवय नव्हती.

"तुला कोणी विचारलं असतं," देवराम म्हणाले, "आपल्या वेळेला. तर काय म्हणाली असतीस?"

सायली पेढ्याचा बॉक्स घेऊन तशीच उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस आता विचारत होता, आणि खरं उत्तर ऐकायला मान पुढे करून बसला होता.

"नाय म्हणले असते," सिंधुबाई म्हणाल्या. "काळे, हडकुळे, नोकरी नाय, वर तोंडातून शब्द फुटंना. साफ नाय म्हणले असते."

देवरामनी मान हलवली. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं.

"आन् जन्माची चूक केली असती," असं म्हणून सिंधुबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.