दाजी, जहाज म्हणजे एसटी नव्हे

मंडळी, पेनांगच्या बंदरातून आत्ताच जहाजावर परतलोय. पाय चोळत लिहितोय.

ताई आणि दाजींसोबत क्रूझला आलोय. दाजींचं पाटोद्याला कापडाचं दुकान. जहाजवाल्यांची सहल होती, पण दाजी म्हणाले, "मेंढरागत त्यांच्या मागं कोण फिरणार? बाहेर लई टॅक्स्या हायत."

घेतली टॅक्सी. देऊळ पाहिलं आणि परतताना दाजी कापडाच्या दुकानात शिरले. कापड चिमटीत धरून पोत बघत बसले. मी सारखं घड्याळ दाखवतोय.

"घाबरतो कावून? बॅगा आत हायत आपल्या. सामान ठेवल्यावर गाडी सोडून जात न्हाई."

पाटोद्याच्या स्टँडवर ते सीटवर टॉवेल टाकून चहाला जातात. ओळखीचा कंडक्टर हाक मारून बोलावतो.

मग ट्रॅफिकमध्ये अडकलो. ताई रडकुंडीला आली. बंदरावर पोचलो तेव्हा वेळ उलटून गेली होती, तरी जहाज उभंच! धावत चढलो.

दाजी पुढं गेल्यावर जहाजाच्या दारात पास तपासणारी मुलगी मला म्हणाली, "आमच्या सहलीची बस अडकलीय, म्हणून थांबलोय. फक्त तुमच्यासाठी थांबलो नसतो."

आत दाजींनी पाठीवर थाप मारली. "बघ, थांबलं का न्हाई!"

खरं सांगायचं त्राणच उरलं नव्हतं.

उद्या दुसरं बंदर आहे, दाजींना पुन्हा टॅक्सीच हवीय. आत्ता डेकवरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून चहाला गेलेत. यांना जहाजाच्या बसमध्ये कसं बसवू, तुम्हीच सांगा.