ओट्यावरचा क्लास

तेव्हा मेडशीत आमच्या गल्लीत रेंज फक्त आमच्या ओट्यावर यायची. म्हणून गल्लीतला एक विमा एजंट धंदा वाढवायचा ऑनलाइन क्लास आमच्याच इथं बसून मोबाईलवर करायचा. क्लासाआधी चपला काढून बसायचा बापडा, जसे काय सर समोरच बसले!

एकदा सरांनी सगळ्यांना विचारलं, "यंदाचं ध्येय काय?" कोणी गाडी म्हणालं, कोणी बंगला. हा म्हणाला, "सर, मले पाहून लोक दार लावून घेतात. त्यायनं चहा विचारला पाहिजे."

मोबाईलमधले सारे हसले. मी उठून चहा ठेवला.

आता टावर झाला, तो घरूनच शिकतो. ओटा सुना वाटतो मले. परवा गाडीवरून जाताना दिसला, तशी मी ओरडले, "काहून रे, ध्येय इसरला काय तुह्यं? चाल, चहा घे!"

"आलो काकू!" म्हणत त्यानं गाडी वळवली, अन् चपला पायरीखालीच काढल्या.