भरीत, बिबड्या आणि भिजवलेला कचरा

कचरा रोज उचलला की संपतो. आमच्या शेडमधले किस्से मात्र रोज सांगितले तरी वाढतच जातात!

मी नगरपालिकेत ज्युनियर इंजिनिअर. गाव असोदा, नोकरी धुळ्याकडच्या एका छोट्या शहरात. तिथे झोपडपट्टीच्या जागी चार इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर एक योजना आली. रहिवाशांच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस, त्या गॅसवर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, गच्चीवरच्या सोलरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप. कागदोपत्री नाव 'एकात्मिक व्यवस्थापन'.

शेडमध्ये कचरा निवडायला पाच बायका. त्यांची मुकादम शेवंता अक्का, माहेर शिंदखेड्याचं, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "भाऊ, हाई एकात्मिक म्हणजे काय शे?"

"घर, कचरा आणि वीज, तिघांनी एकत्र नांदायचं," मी म्हटलं.

"म्हणजे एक चूल अन् तीन जावा!" अक्का म्हणाली. "भांडणं व्हतीन, भाऊ."

झाली. रोज झाली!

पण त्या भांडणांमागे एक खरी धास्ती होती. वर्षभराने वरून साहेब येऊन बघणार होते. गॅस नीट चालला नाही, तर शेड बंद आणि काम बाहेरच्या ठेकेदाराला. म्हणजे अक्का आणि तिच्या चौघी घरी. याची आठवण अक्का मला चहासोबत रोज द्यायची.

*

सुरुवातीला गॅस कमी पडायचा. मी रहिवाशांची मीटिंग घेतली आणि हात जोडून सांगितलं, "ओला कचरा कमी पडतोय, जास्तीत जास्त ओला कचरा द्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे नाना भरलेली बादली घेऊन हजर. नाना म्हणजे एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, योजनेचे सगळ्यात उत्साही कार्यकर्ते. बादलीत पाणी, पाण्यात पेपरची रद्दी, पुठ्ठे आणि एक चप्पल.

"नाना, हा सुका कचरा आहे!"

"व्हता!" नाना अभिमानाने म्हणाले. "रातभर भिजाडेल शे!"

अक्काने बादलीत डोकावून बघितलं. "नाना, दोन दिन थांबतात, तर चप्पलले मोड येतात!"

*

एप्रिलच्या भर उन्हात, डोक्यावर सूर्य तळपत असताना सोलरची वीज जवळजवळ गेलीच. पंप बंद पडला, खाली बायकांनी हंडे वाजवले. इन्व्हर्टर तपासला, वायरिंग तपासलं, शेवटी धापा टाकत गच्चीवर गेलो.

सगळ्या पॅनेलवर धुतलेल्या साड्या अंथरलेल्या आणि साड्यांवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातलेल्या! अगदी ओळीत, एकही पॅनेल रिकामं नाही.

मी ओरडलो, तर एक आजीबाई शांतपणे म्हणाल्या, "ऊन बठ्ठासनं शे ना, भाऊ? का तुमनं एकलानं? तुमनी वीज रोज व्हस. बिबड्या वरीसमा एकदाव!"

येताना शंभरेक बिबड्या तेवढ्या मिळाल्या, त्या घरी नेल्या.

*

आभाळ आलं की लिफ्टला ओझं झेपायचं नाही. मी दोन माणसांची मर्यादा घातली. ती पाळून घ्यायला कोण? नाना! गळ्यात जुनी शिट्टी अडकवून दारात उभे राहायचे. "दोनच सीट! बाकीचे मागच्या गाडीने!"

मागची गाडी म्हणजे जिना.

*

शेवटी साहेब यायचा दिवस ठरला. पत्रात लिहिलं होतं, दुपारचं जेवण प्रकल्पावरच घेतील. मी असोद्याहून भरताची वांगी आणली. अक्काने नाक मुरडलं.

"गॅसवर? वांगं भाजाई जाई, भाऊ. भरीत व्हवाव नही. त्याले पऱ्हाटीच लागस."

पऱ्हाटी म्हणजे वेचणीनंतर शेतात उरलेल्या कपाशीच्या वाळलेल्या काड्या. आमच्याकडे भरीत त्यावरच भाजतात. पण कार्यक्रमच गॅसचा होता, त्यामुळे मी तिचं ऐकलं नाही.

आदल्या दिवशी नानांनी घात केला. साहेबांसाठी जास्त गॅस व्हावा म्हणून लग्नाच्या मांडवातले केळीचे अख्खे खांब त्यांनी गॅसच्या टाकीत ढकलले. धागे ढवळणीला गुंडाळले गेले आणि टाकी तुंबली. एरवी नीट चालणारी शेगडी नेमकी त्या सकाळी समईएवढी पेटली. साहेबांचा चहा उकळायलाच अर्धा तास लागला.

खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. माझी फार तर बदली झाली असती. या पाच जणी कुठे जाणार होत्या? अक्का मात्र पदर खोचून म्हणाली, "भाऊ, साहेबले गच्ची दखाडा. निवांत दखाडा."

मी साहेबांना पॅनेल दाखवली. एकेक स्क्रू दाखवला. शेडच्या मागच्या बाजूने पऱ्हाटीचा धूर वर येत होता, म्हणून त्यांना दुसरीकडे तोंड करून उभं केलं आणि इन्व्हर्टरवर भाषण दिलं. उतरताना नानांनी लिफ्ट अडवून धरली. "साहेब, गाडी जराशी लेट शे!"

खाली पंगत तयार होती. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. साहेब मूळचे शिरपूरचे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दोनदा वाढून घेतलं. मग शेगडीकडे बघितलं. ती थंडगार पडली होती.

"अक्का, खरं सांगा. हे भरीत कशावर भाजलं?"

नाना छताकडे बघायला लागले.

"कचरावर, साहेब," अक्का म्हणाली. "देवशप्पत!"

साहेबांनी बोट चाटलं. "वल्ला का सुका?"

"सुका."

साहेबांनी हात धुतले, फाइल मागवली आणि सगळ्यांसमोर शेरा लिहिला: 'शेड चालू ठेवावी. कचऱ्याचे वर्गीकरण उत्तम.'