हसतमुख नव्हते सुधाकरभाऊ

सुधाकरभाऊ गेल्याची बातमी मला कळली ती चुकीची कळली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मी मोताळ्याजवळच्या एका गावात हळदीच्या कार्यक्रमाचे फोटो काढत होते. आमच्या जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर एक चित्र आलं. निळा कोट, लाल टाय, गोरापान चेहरा, सगळे दात दाखवून हसणारा कोणी गृहस्थ. मला वाटलं, कोणाची तरी कुठल्या तरी पदावर निवड झाली असेल. अशी चित्रं आमच्याकडे रोज येऊन पडतात. मी खाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि पुन्हा नवरीकडे वळले. थोड्या वेळाने राजूचा फोन आला. राजू म्हणजे ग्रुपचा कर्ताधर्ता. म्हणाला, "ताई, अंगठा काऊन देल्ला तुम्ही? सुधाकरभाऊ गेले ना." मी ते चित्र पुन्हा उघडलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले'. खरं सांगते, रडू येण्याच्या आधी मला प्रश्न पडला, की भाऊंच्या अंगावर हा कोट आला कुठून?

ज्यांना भाऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नांदुऱ्याला स्टेशनकडून बाजारात जाताना एका गल्लीत त्यांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. एक टेबल, त्यावर वाकलेला दिवा, भाऊंची खुर्ची आणि समोर गिऱ्हाइकाचं स्टूल. रंग सावळा, बांधा बारीक, आणि कपाळावरची आठी तर बहुधा जन्माबरोबर आलेली. हसतमुख? मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, मला त्यांचे दात कसे होते ते सांगता येणार नाही. वऱ्हाडातल्या अर्ध्याअधिक लग्नांचे फोटो ज्या कॅमेऱ्यांनी निघाले, ते कॅमेरे कधी ना कधी या माणसाच्या टेबलावर उघडले गेले होते. आणि त्याच्या मरणाच्या दिवशी आम्ही सगळ्या फोटोवाल्यांनी मिळून त्याला परक्याचा चेहरा लावला...

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती वैतागून. तेव्हा माझा स्टुडिओ नवा होता. हळदीच्या वेळी बायकांत बाई फोटोवाली बरी, म्हणून मला कामं मिळायची. मध्येच कॅमेऱ्याचं बटण दाबलं की दबलेलंच राहायला लागलं. शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात दाखवायला नेला. तिथे थंडगार हवा, पाण्याची बाटली, "मॅडम, मॅडम" आणि इतकी गोड भाषा की आपण दुरुस्तीला आलोय की पाहुणे म्हणून, ते कळेना. कॅमेरा आत गेला तो महिनाभर आतच. फोन केला की तीच मुलगी त्याच गोड आवाजात सांगायची, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." शेवटी परत मिळाला तो 'दोष आढळला नाही' अशा शेऱ्यासह, आणि पुढच्याच हळदीत बटण पुन्हा रुतून बसलं. त्या गोडव्याची मला आजही शिसारी येते. माणसाला सरळ सांगा ना, आम्ही उघडून पाहिला नाही म्हणून!

भाऊंनी पाणी विचारलं नाही. कॅमेरा हातात घेतला, काय झालं तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "शेवटचं काम कायचं केलं?"

"हळदीचं," मी म्हणाले. "तुमच्याकडे ठेवून जाऊ का? उद्या येते."

"ठेवून? मी काय लॉकरवाला व्हय? बसा तिथी. तुमची वस्तू तुमच्यासमोर उघडन मी."

हा त्यांचा नियम होता. मालक समोर बसल्याशिवाय कॅमेऱ्याला स्क्रूड्रायव्हर लागत नसे. स्टीलच्या ताटलीत स्क्रू काढले त्या क्रमाने मांडत जायचे, काढलेला प्रत्येक भाग दिव्याखाली धरून आपल्याला दाखवायचे, आणि आपलं लक्ष मोबाइलमध्ये गेलं की हात थांबवायचे. माझ्या कॅमेऱ्याचं वरचं झाकण निघालं तेव्हा बटणाखाली पिवळाधमक लगदा निघाला. तेल आणि हळद. नवरीच्या मावश्या फोटोवालीलाही सोडत नाहीत, ते हात तसेच बटणावर. "पाहा ताई," भाऊ म्हणाले, "याचं लगन लागून गेलं अन् तुम्हाले पत्ता नाही." त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच विनोद, आणि तोही त्यांनी आठी न मोडता केला. बटण पुसलं, बसवलं, आणि वर मला झापलं. त्या बटणाने पुन्हा कधी त्रास दिला नाही.

झापण्याचं म्हणाल तर त्यात त्यांनी लहानमोठा भेद केला नाही. आमच्या धंद्यात खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी, तसा आमचा कॅमेरा. आणि पूजा म्हटली की हळद, कुंकू, अक्षता, सगळं आलंच. श्रद्धाळू लोक थेट भिंगावर कुंकवाचं बोट टेकवायचे. एकाने तर भिंग काढून, आतून देव प्रसन्न व्हावा म्हणून, आतल्या आरशालाच टिळा लावला होता. दसरा उलटला की भाऊंच्या दुकानात लाल कॅमेऱ्यांची रांग लागायची आणि गल्लीभर त्यांचा आवाज ऐकू यायचा. "अबे, डोळ्यात कुंकू घालते का कोणी? तुह्या बायकोच्या डोळ्यात घालून पाह्य बरं!" शेवटी त्यांनी दुकानावर पाटी लावली, 'कॅमेऱ्याची पूजा लांबून करावी'. पाटीचा उपयोग झाला नाही. मग त्यांनी वेगळीच तोड काढली. मोडक्या कॅमेऱ्यांच्या भिंगांची उरलेली झाकणं साठवून ठेवली आणि दसऱ्याच्या आधी येईल त्याच्या हातात एक द्यायला लागले. "हे पूजेचं झाकण. हे लाव, मंग याच्यावर काय उधळाचं ते उधळ." आज जिल्ह्यातल्या कित्येक स्टुडिओंच्या देवघरात ते कुंकवाने माखलेलं झाकण आहे. ज्याला लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता त्यांचं यंत्र वाचवता येतं, त्याच्या नावापुढे काय लिहायचं ते तरी विचार करून लिहा. आम्ही लिहिलं, हसतमुख!

काम झालं की संबंध संपला, असं त्यांच्याकडे नव्हतं. पुढच्या लग्नाच्या संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, फक्त "चालला का?" चालला म्हटलं की फोन बंद. एकदा मी म्हणाले, नाही चालला. भर उन्हाळ्यातलं लग्न, वरात दारात, आणि कॅमेरा मुका झालेला. पलीकडून नुसतं "कुठी हाय?" आलं. मंगलाष्टकं सुरू होण्याच्या आत भाऊ त्यांच्या खटारा स्कूटरवरून मंडपात हजर. स्वतःचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, माझा काढून घेतला आणि नवरदेवाच्या मामांदेखत मला ऐकवलं, "उन्हात टांगून ठेवला होता ना? पोटच्या पोराले टांगलं असतं का असं?" मुलीच्या वडिलांनी जेवायचा आग्रह केला तर थांबले नाहीत. व्हिडिओवाल्याने त्यांच्याकडे कॅमेरा वळवला तेव्हा पाठ करून उभे राहिले. आणि होत नसेल तर होत नाही म्हणायचे. एकजण गेलेल्या वडिलांचा कॅमेरा घेऊन आला होता, डोळ्यांत पाणी. भाऊंनी तासभर खटपट केली आणि सांगितलं, "हा नाही चालत आता. कोणी चालवून देतो म्हनलं तर तो खोटं बोलून राह्यला समजा." तो माणूस रडत गेला, पण फसून गेला नाही.

तर अशा माणसाची तेरवी. आमच्याकडे तेराव्याला तेरवी म्हणतात, जेवणावळ असते. दारातच फ्लेक्स, त्यावर तोच कोट, तेच दात. त्याच चित्राची फ्रेम आत पाटावर ठेवलेली. कमलवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मूलबाळ नाही, घरात ही दोघंच. कोणीतरी हार त्यांच्या हातात दिला. वहिनींनी फ्रेमकडे पाहिलं, हार मांडीवर ठेवला आणि विचारलं, "हे कोण व्हय?"

राजू पुढे झाला. "वहिनी, भाऊच व्हय ना ते. चांगला फोटो भेटलाच नाही, तं आधार कार्डावरचा मोबाइलच्या ॲपमधी टाकला. कोट आपोआप येते त्याच्यात."

"अन् हासू?" मी विचारलं.

"तेही आपोआपच येते, ताई."

वहिनी म्हणाल्या, "परक्या माणसाले हार काऊन घालू मी?" आणि हार तसाच राहिला. लोक कुजबुजले की बाईच्या मनावर परिणाम झाला. माझं डोकं फिरलं. परिणाम कोणाच्या मनावर झाला होता? आधार कार्डावरचा नुसता काळा डाग सोडला तर त्या घरात भाऊंचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात बाशिंगाने निम्मा चेहरा झाकलेला. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यांना जमलंच नाही. जेवणं उरकल्यावर वहिनींनी माझा हात धरला. "ताई, मले त्यायचा चेहरा आठवून नाही राह्यला. या दाताच्या माणसाचाच येते डोळ्यापुढं. खरा फोटो आना मले कुठून तरी." ते ऐकून मात्र मी चिडले नाही, आणते म्हणाले. आपल्या माणसाचा मेल्यानंतरही चेहरा पुसून टाकता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी ग्रुपवर लिहिलं, 'कोणाकडे भाऊंचा खरा फोटो आहे का?' उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग लागली. 'मिस यू भाऊ'. 'देवमाणूस'. आणि प्रत्येकाने वर तेच कोटातलं चित्र चिकटवलेलं! आम्ही फोटोवाले. नवरीच्या मेंदीचे शंभर शंभर फोटो काढणारे. संताप संताप झाला. मी फोन करून एकेकाला शिव्या घातल्या, बहुधा भाऊंच्याच आवाजात. दोन दिवसांनी हिवरा आश्रम या गावाकडच्या एका फोटोवाल्याने मला एकटीला विचारलं, "ताई, टेस्टचा चालन का?"

हे आमच्यातल्या कोणालाच सुचलं नव्हतं. कॅमेरा दुरुस्त झाला की भाऊ स्वतः बटण दाबून पाहत नसत. कॅमेरा मालकाच्या हातात द्यायचे आणि समोर, दिव्याखाली, आपला उघडा तळहात धरायचे. "हलू नका. मारा फोटो," म्हणायचे. हातावरच्या रेषा धाग्यासारख्या स्वच्छ दिसल्या तर काम पास. तो फोटो बघून झाला की गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरायच्या आत उडवून टाकायचं. वाया गेलेला फोटो उडवणं ही आमच्या बोटांची सवय, आणि तळहाताच्या फोटोचं करायचं काय? हिवरा आश्रमवाल्या या गृहस्थांना मात्र काहीच उडवायची सवय नाही, त्यावरून आम्ही त्यांची टिंगल करायचो. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत सगळीकडे भाऊंचा हात होता. राखट पडलेली नखं, अंगठ्याशी तारांना डाग देताना भाजल्याच्या जुन्या खुणा, आणि रेषा अशा की मोजाव्यात. हाताच्या मागे चेहरा. धूसर, पण चेहरा. आठी, अर्धवट उघडलेलं तोंड.

राजूला दाखवला तर म्हणाला, "ताई, चेहरा आउट आहे. द्या, साफ करून देतो." मी त्याला म्हटलं, याला बोट लावलंस तर तुझा कॅमेरा मी तुझ्यासमोर उघडीन आणि बसवणार नाही. गुमान फ्लेक्स उतरवायला गेला.

एक फोटो मोठा छापून घेतला, जसा होता तसा. वहिनींच्या हातात दिला तेव्हा मनात एकच होतं, हाही परका वाटला तर? त्यांनी तो उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदर तोंडाशी गेला. "हेच व्हय. पाहा ना ताई, बोलून राह्यले... काय म्हनत असन?"

"हलू नका, म्हणत असतील," मी म्हणाले. "नेहमी तेच म्हणायचे."

वहिनी रडता रडता हसल्या. फोटो आता त्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आहे. त्याला हार घालू देत नाहीत, हात झाकला जातो म्हणून. परवा मी गेले तेव्हा कोणी पाहुणे आले होते. उघडा तळहात बघून त्यांनी भक्तिभावाने डोकं टेकवलं, म्हणाले, "वा, भाऊ आशीर्वाद देऊन राह्यले."

"आशीर्वाद कायचा?" वहिनी आतून कडाडल्या. "हलू नको म्हनून राह्यले ते!"

पाहुणे दचकून ताठ झाले. मग फोटोतल्या त्या हाताकडे पाहत, हात बाजूला धरून, खरंच थोडा वेळ न हलता उभे राहिले.