आईला 'तो' म्हणू नका

आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या लाओ मोचा आरडाओरडा ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. एखादी पोरगी उभी राहून इंग्रजीत सांगायची, "माझी आई गिरणीत काम करतो. तो फार प्रेमळ आहे," की डस्टर टेबलावर आपटलाच. "तुझ्या आईला मिशा आहेत का गं?" वर्ग खो-खो हसायचा, पोरगी कानापर्यंत लाल व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी पोरगी तेच म्हणायची. पोरींचा तरी काय दोष? आमच्या चिनी बोलीत तो, ती, ते, सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, 'था'. लिहिताना अक्षरं वेगळी, तोंडाने मात्र एकच. मी स्वतः इथे इंग्रजी व्याकरण शिकवते, तरी तावातावाने इंग्रजी बोलायला लागले की माझ्या सासूचा 'तो' होतोच.

त्याचं खरं नाव मॉर्गन. वेल्समधल्या कुठल्याशा डोंगरगावातून एका वर्षासाठी चीनमध्ये, आमच्या हुनान प्रांतात आला आणि इथेच मुरला. लग्न नाही, मूलबाळ नाही. सकाळी फाटकाबाहेर उभ्यानेच तांदळाच्या शेवया खायचा, वर आंबवलेल्या शेंगा आणि आमच्यापेक्षा जास्त तिखट. भाजीवालीशी आमच्याच बोलीत हुज्जत घालायचा. नावाचा 'मो' ठेवून आम्ही पुढे 'लाओ' लावलं, म्हणजे आपल्यातला जुना माणूस. कॉलेजला मात्र तो आपला वगैरे कधी वाटला नाही. कॉलेजला त्याचा चेहरा हवा होता. माहितीपत्रकावर तो, स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत तो, पाहुणे आले की फुलं द्यायला तो. त्याच्या खोलीतला हीटर बिघडला तेव्हा मात्र हिवाळा संपेपर्यंत "बघू, बघू" चाललं होतं. त्या 'बघू'चा मला आजही संताप येतो.

रविवारी संध्याकाळी तो माझ्या घरून आईला फोन करायचा. म्हातारी एकटी राहायची, कोंबड्या पाळायची आणि लेकाला मनसोक्त झापायची. ती मलाही फोनवर बोलवायची. "यिन, त्याने आतून लोकरीचा बनियन घातलाय का बघ. तो खोटं बोलतो." मी बघायचे. घातलेला नसायचा.

त्या नोव्हेंबरात एका रविवारी फोन तिकडून आला, आणि आईचा नव्हे, बहिणीचा. आई दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले होते, भेटायचं असेल तर लगेच या.

लाओ मोचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी कॉलेजने घेतला होता. पोलिसांकडून तो परत येऊन परदेशी शिक्षकांचा कारभार बघणारे, पण इंग्रजीचा गंध नसलेले बाओ साहेब यांच्या कपाटात पडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो. त्यांनी बसवलं, चहाच्या पानांवर गरम पाणी ओतलं आणि हसले. हा माणूस हसला की समजावं, काम होत नाही.

"लाओ मो, आईंचं ऐकून फार वाईट वाटलं. पण गुरुवारी तपासणीचं पथक येतंय. तुमचा वर्ग बघणार आहेत. परदेशी शिक्षक कागदावर आहे आणि जागेवर नाही, म्हणजे आमचं नाक कापलं जाणार."

"साहेब, माझी आई मरायला टेकली आहे," लाओ मो म्हणाला. एवढा तापट माणूस, पण आवाज खाली होता. हात गुडघ्यांवर, शाळकरी पोरासारखा.

"आम्ही विचार करतो."

"विचार कसला करायचाय?" मीच भडकले. "पासपोर्ट त्याचा आहे. कपाट उघडा आणि द्या."

"यिन बाई, तुम्ही मध्ये पडू नका. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. लाओ मो, आईंना फोनवर सांगा ना, शुक्रवारपर्यंत जरा धीर धरा म्हणावं."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. आईंना सांगा, धीर धरा! जणू म्हातारी बसच्या थांब्यावर उभी होती.

बाहेर जिन्यात मी लाओ मोलाच धरलं. "वर्गात पोरींवर एवढा खेकसतोस, इथे का वाचा बसली तुझी?"

"ओरडलो तर देणारच नाही तो," लाओ मो म्हणाला. "हात जोडले तर कदाचित देईल."

त्याने जोडले हात. मंगळवारी जोडले, बुधवारी जोडले. साहेब मीटिंगमध्ये होते, साहेब जेवत होते, साहेब विचार करत होते. बुधवारी संध्याकाळी लाओ मो माझ्या घरीच होता तेव्हा फोन वाजला. त्याची बहीण होती. पुढचं तिला सांगावं लागलं नाही, लाओ मोने रिसीव्हर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी चहा केला. तो तसाच गार झाला.

गुरुवारी त्याने वर्ग घेतला. मी म्हटलं, नको घेऊस, जाऊ दे खड्ड्यात त्यांचं पथक. तो म्हणाला, पोरींनी तयारी केली आहे. मागच्या बाकांवर पथकातली माणसं वह्या उघडून बसली होती, शेजारी बाओ साहेब नव्या टायमध्ये. थोंग नावाची पोरगी उठली आणि घाबरत बोलायला लागली, "माझी आई बाजारात मासे विकतो. तो पहाटे उठतो." तिच्या लगेच ध्यानात आलं. तिने डोळे घट्ट मिटले आणि डस्टरची वाट बघत राहिली. सगळा वर्ग वाट बघत होता. लाओ मो खिडकीबाहेर बघत होता. "छान," एवढंच म्हणाला. "बस."

पोरींना काय झालंय ते कळलं नाही, पण काहीतरी झालंय हे कळलं. थोंग खाली बसून रडायला लागली. पथकातल्या एकाने वहीत काहीतरी लिहिलं. वर्ग शिस्तबद्ध, असं लिहिलं असणार!

पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा कुठे बाओ साहेबांचं कपाट उघडलं. ते स्वतः वरांड्यात आले, सगळे शिक्षक जमलेले पाहून दोन्ही हातांनी पासपोर्ट पुढे केला, सोबत चहाचा भारी डबा. आणि चार लोकांत शोभावं म्हणून कुणाकडून तरी पाठ करून घेतलेलं इंग्रजी वाक्य म्हणाले. "मॉर्गन सर, तुमची आई... तो फार चांगला होता. त्याला तुमचा अभिमान वाटेल."

लाओ मोने पासपोर्ट घेतला. डबा घेतला नाही.

"ती!" तो ओरडला. असा ओरडला की खालच्या पटांगणात बास्केटबॉल खेळणारी पोरं थांबली. "ती! ती होती! बाई होती ती! माझी आई होती!"

तो इंग्रजीत ओरडत होता. वरांड्यातल्या प्रत्येक शिक्षकाला कळत होतं आणि प्रत्येक जण आपापल्या बुटांकडे बघत होता. फक्त बाओ साहेबांना कळलं नव्हतं. तोंडावरचं हसू तसंच ठेवून, डबा हातात धरून ते माझ्याकडे वळले.

"यिन बाई, काय म्हणतायत हे?"

"काही नाही, साहेब," मी म्हणाले. "तुमची चूक सुधारली त्याने. शिक्षक आहे ना तो."